हम्द

हम्द : इस्लाममधील अल्लाहची स्तुती. ‘अल्हम्दुलिल्लाह’ हे तिचे रोजच्या बोलण्यातले रूप. मराठीत याचा अर्थ बऱ्याचदा ‘देवाचे आभार’ असा सांगतात. तो अपुरा आहे. आभारासाठी अरबीत ‘शुक्र’ हा निराळा शब्द आहे आणि तो पदरात पडलेल्या उपकाराला धरून येतो. हम्दला असे निमित्त लागत नाही. अल्लाह मुळातच स्तुत्य आहे, म्हणून ती करायची.

‘अल्हम्दुलिल्लाह’ या मूळ वाक्यात ‘मी स्तुती करतो’ असे क्रियापद नाही, ‘स्तुती अल्लाहची आहे’ एवढेच विधान आहे. आरंभीच्या ‘अल्’ या निश्चयदर्शक उपपदामुळे ती सगळी स्तुती ठरते, असे भाष्यकार सांगतात. म्हणजे माणूस गप्प राहिला तरी तिच्यात उणेपणा येत नाही. सातही आकाशे, पृथ्वी आणि त्यांतले सर्व काही त्याची स्तुती करते, पण तुम्हाला ती उमगत नाही, असे कुराणात म्हटले आहे (१७:४४).

कुराणातील पाच सूरांचा (अध्यायांचा) प्रारंभ ‘अल्हम्दुलिल्लाह’ या शब्दांनी होतो : फातिहा, अनआम, कहफ, सबा आणि फातिर (फातिहाच्या आधीचे ‘बिस्मिल्लाह’, म्हणजे ‘अल्लाहच्या नावाने’ हे आरंभवाक्य, सोडून). पाच वेळच्या फर्ज (अनिवार्य) नमाजांच्या १७ रकातींमध्ये (आवर्तनांमध्ये) फातिहा येतेच. रुकूतून (कमरेत वाकण्याच्या स्थितीतून) उठताना ‘रब्बना लकल् हम्द’ (हे आमच्या प्रभू, स्तुती तुझीच) म्हणतात. नमाजानंतर सुब्हानल्लाह (अल्लाह पवित्र आहे), अल्हम्दुलिल्लाह ३३-३३ वेळा म्हणण्याचा प्रघात आहे. जेवण झाल्यावर हम्द, शिंकल्यावरही हम्द. शिंक ऐकणारा ‘यर्हमुकल्लाह’ (अल्लाह तुझ्यावर दया करो) असे म्हणतो.

हम्दचे खरे मोल दुःखात कळते. हदीस-संग्राहक तिर्मिझी यांच्या संग्रहातील एका हदीसनुसार (पैगंबरांच्या वचनानुसार), मूल दगावल्यावरही ज्याने हम्द केली त्याच्यासाठी जन्नतमध्ये घर बांधा आणि त्याला ‘बैतुल हम्द’, म्हणजे स्तुतीचे घर, असे नाव द्या, अशी आज्ञा अल्लाह फरिश्त्यांना (देवदूतांना) देतो. कोसळलेल्या बापाच्या तोंडून तो शब्द निघणे किती अवघड, हे त्या हदीसने ओळखले आहे.

मुहम्मद, अहमद, महमूद, हमीद ही नावे हम्दच्याच अरबी धातूपासून आली आहेत.

फारसी-उर्दू काव्यात हम्द हा स्वतंत्र प्रकार बनला. संग्रहात आधी हम्द, मग पैगंबरांची स्तुती करणारी नात, असा क्रम पाळतात. महाराष्ट्रातील उर्दू शाळांतल्या मुलांना हम्द प्रथम भेटते ती बहुधा पाठ्यपुस्तकातली कविता म्हणून.