काच लांबी (पुट्टी म्हणा हवं तर) धरून ठेवत नाही हो!

जुन्या लाकडी खिडकीची काच बदलायची म्हटलं की हमखास ऐकू येतं, "भरपूर लांबी थापा, काच हलणार नाही." हे किती वर्षं चाललंय कुणास ठाऊक, पण चूक आहे. काच धरतात त्या बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, साधारण १५-२० सेंमीवर एकेक, काचेला लागून चौकटीत आडव्या ठोकलेल्या. लांबीचं मुख्य काम पाणी आणि वारा अडवणं. खडूची पूड आणि जवसाचं तेल एवढाच तो मामला, वरून साय धरते पण आत बरेच दिवस मऊच राहते, मग ती एकटी काच काय धरणार? आणि वर्षांनी वाळून तडकली की चुका नसलेली काच सरळ बाहेर येते.

दुसरं, काच घट्ट बसेल अशी कापून आणू नका, लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि मग काच कोपऱ्यातून तडकते, म्हणून उंची-रुंदी दोन्हीकडे २-३ मिमी कमीच घ्या. चौकटीतली काच बसायची खाच खरवडून कोरड्या लाकडाला आधी प्रायमर मारा, नाहीतर लाकूड तेल पिऊन टाकतं आणि लांबी भुसभुशीत होते (हे तर कुणीच करत नाही). मग खाचेत लांबीचा पातळ थर, त्यावर काच, मग चुका, हातोडी काचेवरून सरपटत न्यायची, वर उचलायची नाही. शेवटी बाहेरून तिरकी लांबी. साय धरल्यावर रंग द्या, आणि तो काचेवर १-२ मिमी येऊ द्या, पाणी तिथूनच शिरतं.