मॅड्रिगल म्हणजे वृंदगान नव्हे

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं इंग्रजी मॅड्रिगल (अनेक आवाजांच्या वेगवेगळ्या ओळी एकत्र गुंफलेलं गाणं) म्हणजे मोठ्या वृंदाने वाद्यांविना गायचं गाणं, हा समज चुकीचा आहे. ही गाणी प्रामुख्याने घरगुती बैठकीत गायची, साधारण एका भागाला, म्हणजे एका आवाजाच्या ओळीला, एकच गायक. छपाईच पाहा: प्रत्येक आवाजाची वेगळी पुस्तिका, सगळे भाग एकत्र नाहीत. इतरांचं ऐकतच आपली ओळ सांभाळायची, आणि खरा आनंद तिथेच!

वाद्यंही वर्ज्य नव्हती. संगीतकार जॉन विल्बी यांच्या १६०९ च्या संग्रहावर ही गाणी व्हायोल या तंतुवाद्यांसाठी आणि आवाजांसाठीही योग्य असल्याचं छापलं आहे. विल्यम बर्ड यांच्या १५८८ च्या संग्रहातली अनेक गाणी तर मुळात एक आवाज आणि वाद्यं यांच्यासाठीच रचलेली. बाकीच्या भागांना शब्द नंतर दिले.