पाळकांचा नरक आणि आत्याचा नरक

जालन्यात हिवाळ्यात मैदानावर मांडव पडला की एक तर सप्ताह असतो, नाहीतर ख्रिस्ती लोकांची संजीवन सभा. नारायण शेषाद्री या ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी 19व्या शतकात जवळच बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हापासून ही मंडळी इथलीच. गेल्या थंडीत शेजाऱ्यांनी फार आग्रह केला म्हणून मी आत्याला घेऊन सभेला गेलो.

पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, तरुण होते, आवाज खणखणीत. विषय नरक. अग्नी आणि गंधकाचं सरोवर, न मरणारा किडा, न विझणारी आग. माझी माळकरी आत्या जराही दचकली नाही. कानाशी येऊन म्हणाली, "हे तर आपलं गरुडपुराणच की रे. दादा गेला तवा दहा दिवस ऐकलं."

दादा म्हणजे माझे वडील. आत्या निवांत होती, कारण शब्द ओळखीचा होता. मी चिडलो होतो, कारण पुढचं वाक्य मला नीट ऐकू आलं होतं: ज्यांनी प्रभूला स्वीकारलं नाही ते सगळे तिथे. त्या 'सगळ्यां'त दादाही आले.

घोळ भाषांतराचा आहे. बायबल मराठीत आणताना जो शब्द हाताशी होता तो घेतला, नरक. मूळ ग्रीकमध्ये येशूच्या तोंडी 'गेहेन्ना' आहे, म्हणजे यरुशलेमेजवळचं हिन्नोमचं खोरं. जुन्या काळी तिथे पोटची मुलं अग्नीत बळी दिल्याची नोंद बायबलातच आहे. आपला नरक यमाच्या दरबारातून आलेला. मनुस्मृतीत नरक 21, भागवताच्या पाचव्या स्कंधात 28, आणि प्रत्येकाचं खातं वेगळं. जिवंत पशुपक्षी शिजवणाऱ्याला कुंभीपाकात तापल्या तेलात टाकतात. गुन्हा तशी शिक्षा, आणि हिशेब चित्रगुप्ताच्या वहीत.

भीषणपणात दोघे सारखेच. फरक मुदतीचा आहे. आपला नरक म्हणजे सक्तमजुरी. भोग संपले की सुटका आणि पुढचा जन्म. स्वर्गालाही तीच मुदत. पुण्य सरलं की मृत्युलोकात परत, असं गीतेचा नववा अध्याय सांगतो. पाळकांच्या नरकाला मराठी बायबलातला शब्द आहे 'सार्वकालिक'. तिथून परत येणं नाही, दुसरा जन्म नाही, अपील नाही. तसं पाहिलं तर गरुडपुराणाचा जवळचा नातलग हा नरक नव्हेच. कॅथलिक लोक मानतात ती मधली जागा, जिथे जीव शुद्ध होऊन पुढे जातो, ती आत्याला जास्त ओळखीची वाटली असती. आपल्याकडे अपवाद आहे तो मध्वाचार्यांचा. काही जीव कायमचेच अंधारात राहतात, असं त्यांचं मत.

दुसरा फरक सुटकेच्या दाराचा. आत्याला ऐकू आलं, 'वागणं सुधार'. पाळक सांगत होते, 'वागण्यानं कोणी सुटत नाही, कृपेनं सुटतो, आणि ती आज घे.' मात्र इथे रेघ फार ठळक मारू नये. मत्तयाच्या 25व्या अध्यायात निवाडा होतो तो भुकेल्याला जेवू घातलं का, यावर. आणि आपल्या कीर्तनातला अजामिळ आठवा. जन्मभर पाप केलं, मरताना मुलाला 'नारायण' म्हणून हाक मारली आणि यमदूत हात हलवत परत गेले. ही कृपा नाही तर काय?

जोनाथन एडवर्ड्स नावाचे पाद्री 1741 साली अमेरिकेत एन्फिल्डला याच आगीवर बोलले, तेव्हा प्रवचन मध्येच थांबवावं लागलं, इतका श्रोत्यांत आक्रोश झाला. ते श्रोते त्याच धर्मातले होते, त्यांच्या भीतीची वायर आधीच जोडलेली होती. आमची जोडणी वेगळी. तुकोबा तर मुक्ती नको, खुशाल गर्भवासात घाल म्हणतात. अशा माणसाचे अभंग ऐकत वाढलेल्याला परत जन्माला येण्याचाही धाक बसत नाही.

मग मला राग का आला? मला वाटतं, राग आगीचा नव्हता. दादांसाठी आम्ही पिंड ठेवला, कावळा शिवायची वाट पाहिली, दरवर्षी पानं वाढतो. मेलेल्यासाठी जिवंतांना काही करता येतं, हे आमच्या नरकात गृहीत आहे. पाळकांच्या नरकात ती खिडकी बंद. एकनाथांनी पैठणात हिंदू-तुर्क संवाद लिहिला. त्यात दोघे एकमेकांच्या देवाची, चालीरीतींची यथेच्छ उणीदुणी काढतात आणि मग समजुतीवर येतात. मी मात्र तोंड मिटून घुम्यासारखा बसलो होतो.

बोलली ती आत्या. सभेनंतर चहा घेताना तिनं पाळकांना गाठलंच. "बाबा, तुमच्यात माणूस गेल्यावर त्याच्यासाठी काहीच करता येत नाही व्हय?"

"नाही मावशी," ते म्हणाले. आवाज पार बसला होता. "म्हणूनच तर जिवंतपणी एवढं ओरडून सांगतो."

आत्यानं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि सप्ताहात कीर्तनकार बुवांना देते तशी खडीसाखर त्यांच्या हातावर ठेवली. "घशाला बरी असती," म्हणाली.