कोळशाची टोपली आणि बंद खोली

पावसाळ्यात कोकणात खिडक्या बंद झाल्या की हा निरोप फिरू लागतो: "खोलीत कोळशाची टोपली ठेवा, तो कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो."

समज अगदीच निराधार नाही. नैसर्गिक वायूतला कार्बन डायऑक्साइड काढायला सक्रिय कोळसा (खास प्रक्रियेने बारीक छिद्रं वाढवलेला कोळसा), झिओलाइट (एक खनिज) असे सच्छिद्र पदार्थ खरोखर वापरतात. वायूचे रेणू छिद्रांच्या भिंतींना चिकटतात. पण तिथे दाब हवेच्या कित्येक पट असतो, वायू आधी कोरडा करतात आणि पदार्थ भरला की दाब उतरवून तो रिकामा करतात. टोपलीला हे कोण करणार?

आता हिशेब. चांगला सक्रिय कोळसा शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवला, तरी साध्या दाबाला वजनाच्या साधारण 10 टक्केच वायू धरतो. म्हणजे किलोला 100 ग्रॅम. एक माणूस दिवसाला सुमारे 1 किलो सोडतो! शिवाय खोलीच्या हवेत हा वायू सहसा 1 टक्काही नसतो, त्यामुळे पकड आणखी कितीतरी कमी. चुलीतला साधा कोळसा तर त्याहून मागे.

"पण कोळसा जड होतो ना?" होतो. आपल्याकडे बरणीतलं मीठही ओलं होतं. एक टोपली खोलीत, दुसरी रिकाम्या पडवीत तोलून ठेवा. आठवड्याने पडवीतलीही जड भरेल. ते मुख्यतः पाणी.

निखाऱ्यांची शेगडी मात्र बंद खोलीत नकोच. तिच्यातून निघणारा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, टोपलीतला कोळसा जवळजवळ धरतच नाही.