पशुविकृतीशास्त्र विभाग: अध्यापन आणि संशोधनाची पार्श्वभूमी

पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या विकृतीशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागात ज्या ओट्यावर विद्यार्थी शवविच्छेदन शिकतात, त्याच ओट्यावरून संशोधनाचे नमुने घेतले जातात, हे आज स्वाभाविक वाटते. आपल्याकडे मात्र ही दोन कामे बराच काळ एकमेकांपासून दूर राहिली.

सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील यांनी त्याआधी ब्रह्मदेशात खेचरांच्या सर्रा रोगाचा अभ्यास केलेला होता, म्हणजे शिकवणारा माणूस मुळात संशोधक होता. पुढे १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली व तिची सूत्रे आल्फ्रेड लिंगार्ड यांच्याकडे आली. परंतु दाट वस्तीत घातक रोगजंतू हाताळण्याचा धोका आणि मैदानी हवेतील उष्णता या कारणांमुळे १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवण्यात आली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे मूळ तेच. मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० च्या दशकात शेळ्यांमधून संक्रमित करत सौम्य केलेल्या विषाणूपासून बुळकांडी या गुरांच्या साथरोगावरची लस तयार केली, हे काम फार मोठे होते. २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सारे जग या रोगातून मुक्त झाले, त्या वाटेवरचा हा महत्त्वाचा टप्पा. तरीही संशोधन डोंगरावर आणि अध्यापन परळला, या विभागणीत विद्यार्थ्यांचे नुकसान झाले असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर नागपूर आणि परभणीला महाविद्यालये झाली, पदव्युत्तर शिक्षण वाढले आणि २००० मध्ये नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन राज्यातील ही महाविद्यालये एका छत्राखाली आली. या विभागांत पहिला धडा बहुधा न उघडण्याचा असतो. जनावर अचानक मेले असेल, नाकातोंडातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल, तर फाशी (अँथ्रॅक्स) या रोगाचा संशय धरून शव फाडायचे नाही, कारण हवा लागताच जंतू बीजाणू बनवतात आणि ती जागा वर्षानुवर्षे दूषित राहते. कानाच्या शिरेतून एक थेंब रक्त काचपट्टीवर घ्यायचे, रंगवायचे; चौकोनी टोकांचे निळे दंडाणू आणि त्यांच्याभोवती गुलाबी आवरण दिसले की निदान झाले. इतर रोगांत अवयवांचे पातळ तुकडे दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवले जातात, मेणात बसवून मायक्रोटोम या यंत्राने चारपाच मायक्रॉनचे (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) काप काढले जातात आणि ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात.

या साध्या वाटणाऱ्या कौशल्याचे मोल गिधाडांच्या प्रकरणात कळले. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९९० च्या दशकात गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी नोंदवले, पण उन्हात शवे लगेच कुजत असल्याने कारण हाती लागेना. पाकिस्तानात ताजी शवे मिळाली तेव्हा हृदय, यकृत आणि मूत्रपिंडांवर खडूसारखा पांढरा थर आढळला. हा अंतर्गत अवयवांचा गाऊट, म्हणजे अवयवांवर युरिक आम्ल साचण्याचा विकार होता, जो कोंबड्यांमध्ये प्रत्येक पशुवैद्यकीय विद्यार्थ्याने पाहिलेला असतो. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होता आणि त्याने मूत्रपिंडे निकामी होऊन हा गाऊट होत होता, हे लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सिद्ध केले. २००६ मध्ये भारताने पशुवैद्यकीय वापराच्या या औषधावर बंदी आणली.

ताज्या शवाची अडचण आजही आहे. कुक्कुटपालक मेलेली कोंबडी दुसऱ्या दिवशी आणतो किंवा टिकावी म्हणून फ्रीझरमध्ये गोठवून आणतो, आणि गोठलेल्या ऊतींतील पेशी फुटल्याने काप वाचता येत नाही. बर्फावर ठेवून, न गोठवता, त्याच दिवशी आणलेले शव विभागाला खरोखर उपयोगी पडते.