सहाव्या मजल्याचे वाटेकरी

राज्यघटनेत ‘उपमुख्यमंत्री’ हा शब्द सापडत नाही. कलम १६४ मुख्यमंत्र्यांची नेमणूक सांगतं, त्यांच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची सांगतं, बस्स. तरीही महाराष्ट्रात युतीचं किंवा आघाडीचं सरकार बसायची वेळ आली की मुख्यमंत्र्यांच्या नावामागोमाग उपमुख्यमंत्री कोण ते विचारलं जातं, आणि त्याला चिकटूनच ‘गृह कोणाकडे?’ मंत्रालयात कामं घेऊन येणाऱ्या माणसाला एकाही पक्षाचा जाहीरनामा आठवत नसेल, पण गृह, अर्थ, महसूल, नगरविकास आणि जलसंपदा कोणाकडे आहे हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. सरकारची कुंडली त्या पाच घरांतच मांडलेली असते.

ही कुंडली पहिल्यांदा मांडावी लागली १९७८ साली. फेब्रुवारीच्या निवडणुकीत जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. २८८ च्या सभागृहात १४५ कोणाकडेच नाहीत. मग नुकत्याच एकमेकींविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेस एकत्र आल्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री, राज्याचे पहिलेच. हे पद जन्मालाच आलं ते अविश्वासापोटी: तुमचा माणूस खुर्चीवर, तर आमचा त्याच्या शेजारी. विदर्भातले तिरपुडे बोलायला फटकळ होते, यशवंतराव चव्हाणांच्या गटावर ते उघड टीका करत. जुलैत पावसाळी अधिवेशन चालू असतानाच शरद पवार जवळपास चाळीस आमदार घेऊन बाहेर पडले आणि १८ जुलैला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मुख्यमंत्री झाले. पाठीत खुपसलेला खंजीर मराठी राजकारणात तेव्हापासून जो रुतलाय तो अजून निघालेला नाही. दर फुटीनंतर कोणीतरी तो बाहेर काढून दाखवतोच.

पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे ‘पुलोद’चं ते मंत्रिमंडळ आज आठवलं तरी गंमत वाटते. शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील सहकारमंत्री, जनसंघातून जनता पक्षात आलेले उत्तमराव पाटील महसूलमंत्री, त्याच मुशीतले चेंबूरचे हशू अडवाणीही मंत्री, शिवाय समाजवादी. लाल बावट्याखाली वाढलेले आणि शाखेत वाढलेले एका टेबलाशी बसत होते. ही मोट बांधायला समाजवादी नेते एस. एम. जोशींचा शब्द कामी आला होता. आघाडी आपसातल्या भांडणाने मोडण्याआधी दिल्लीनेच तिचा निकाल लावला. इंदिरा गांधी सत्तेत परतल्या आणि १७ फेब्रुवारी १९८० ला पुलोद सरकार बरखास्त झालं. पुढची पंधरा वर्षं पुन्हा एकट्या काँग्रेसची. मुख्यमंत्री भराभर बदलले, पण बदलाचे आदेश दिल्लीतून यायचे, त्यात वाटेकरी नव्हते.

१४ मार्च १९९५ ला शपथविधी शिवाजी पार्कवर झाला. शिवसेनेचे मनोहर जोशी मुख्यमंत्री, भाजपचे गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. शिवसेना ७३, भाजप ६५, बेरीज १३८. बहुमताला सात कमी. पण त्या सभागृहात ४५ अपक्ष होते, त्यातले बरेच काँग्रेसचे बंडखोर, आणि त्यांना युतीच्या दारात उभं राहायला संकोच नव्हता. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील आणि काटोलचे अनिल देशमुख हे अपक्ष म्हणून निवडून येऊन याच सरकारात मंत्री झाले. पुढे पाटील काँग्रेसचे मंत्री, आणि देशमुख राष्ट्रवादीचे थेट गृहमंत्री.

सूत्र मात्र पक्कं झालं ते इथे. ज्याचे आमदार जास्त त्याचा मुख्यमंत्री, दुसऱ्याला उपमुख्यमंत्रिपद आणि गृह. १९९९ मध्ये चित्र पालटलं, सूत्र तेच राहिलं. सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढून पवारांनी जूनमध्ये राष्ट्रवादी काढली आणि ऑक्टोबरात त्याच काँग्रेसबरोबर सरकार बनवलं. काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८. विलासराव देशमुख मुख्यमंत्री, छगन भुजबळ उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. बहुमताची उरलेली भरती शेकाप, अपक्ष आणि छोट्या पक्षांनी केली. २००२ च्या जूनमध्ये शेकापने पाठिंबा काढला तेव्हा विलासरावांना सभागृहात बहुमत सिद्ध करावं लागलं, आणि सरकार तरलं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात शिकण्यासारखा सौदा २००४ चा. राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९. सूत्राप्रमाणे मुख्यमंत्रिपद राष्ट्रवादीचं. पवारांनी ते काँग्रेसला सोडलं आणि बदल्यात खाती घेतली. आर. आर. पाटील उपमुख्यमंत्री आणि गृह, जयंत पाटलांकडे अर्थ, अजित पवारांकडे जलसंपदा, शिवाय विधानसभेचं अध्यक्षपद. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरची, म्हणजे मुख्यमंत्र्यांची, मोठी खुर्ची एकाची, तिजोरी, पोलीस आणि धरणं दुसऱ्याची. पुढे कित्येक वर्षांनी अजित पवारांनी ती संधी सोडणं चूक होती असं जाहीरपणे म्हटलं. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर चूकच. पक्षाच्या जागी बसून पाहिलं तर तसं ठामपणे म्हणता येत नाही.

त्याच सुमारास एक अडचण उभी राहिली. ९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणलं. २८८ चे ४३, मुख्यमंत्री धरून. दोन पक्षांत ४३ वाटणं जड, तिघांत तर भाऊबंदकीच. मग उरलेल्यांसाठी महामंडळं, सिडको, म्हाडा, सिद्धिविनायक आणि शिर्डीचे विश्वस्त अशी दुसरी पंगत मांडली जाते.

२०१४ मध्ये युती आणि आघाडी एकाच दिवशी, २५ सप्टेंबरला, तुटल्या. भाजप १२२ वर थांबला. देवेंद्र फडणवीसांनी ३१ ऑक्टोबरला वानखेडेवर शपथ घेतली आणि नोव्हेंबरात आवाजी मतदानाने विश्वासदर्शक ठराव मंजूर करून घेतला. सेना विरोधी बाकांवर होती, एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते. महिना उलटायच्या आत तेच मंत्री झाले. या खेपेला सेनेला उपमुख्यमंत्रिपदही नाही आणि गृहही नाही. १९९५ चं सूत्र मोडलं ते इथे. पाच वर्षं सेनेच्या मंत्र्यांच्या खिशात राजीनामे होते म्हणे, खिशाबाहेर काही आले नाहीत.

राग साठला तो २०१९ ला बाहेर पडला. लोकसभेआधी वरळीत झालेल्या पत्रकार परिषदेत पदं आणि जबाबदाऱ्या समान वाटू, असं ठरल्याचं सांगितलं होतं. त्यात अडीच वर्षांचं मुख्यमंत्रिपद बसतं की नाही, यावर सगळं अडलं. राष्ट्रपती राजवट, २३ नोव्हेंबरच्या पहाटेचा फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी, तीन दिवसांत राजीनामा, आणि २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे. शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस या तीन पक्षांचं गणित इतकं अवघड की पहिला महिना सात जणांचंच मंत्रिमंडळ होतं. उरलेले ३६ जण ३० डिसेंबरला आले. २०२२ मध्ये त्याहून कमाल झाली. सेना फोडून सुरत-गुवाहाटीमार्गे आलेले मुख्यमंत्री शिंदे आणि उपमुख्यमंत्री फडणवीस, अशा दोघांनीच चाळीस दिवस राज्य चालवलं. वर्षभराने अजित पवार आठ मंत्र्यांसह आले आणि अर्थखातं फडणवीसांकडून त्यांच्याकडे गेलं.

खातेवाटपानंतरच्या दिवशी मंत्रालयात चक्कर मारली की दारांवरच्या पाट्या स्क्रू-ड्रायव्हरने उतरवल्या जात असतात. जुन्या पाटीमागचा फिकट चौकोन नवी पाटी थोडी लहान असेल तर दिसत राहतो. सहाव्या मजल्यावरच्या ६०२ क्रमांकाच्या दालनाचं तर नाव काढलं तरी लोक हसतात. तिथे बसलेल्या एकनाथ खडसेंचं मंत्रिपद २०१६ मध्ये गेलं, नंतर आलेले पांडुरंग फुंडकर २०१८ मध्ये वारले, आणि त्यानंतर काही काळ दालनाला गिऱ्हाईक मिळेना. मोक्याच्या मजल्यावरची जागा मंत्री नको म्हणतो, ही एकमेव घटना असावी.

२०२४ च्या नोव्हेंबरात भाजप १३२, शिंदेंची सेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. इतकं बहुमत हाती असूनही शपथविधी ५ डिसेंबरला आझाद मैदानावर झाला, तोही तिघांचाच: मुख्यमंत्री फडणवीस, उपमुख्यमंत्री शिंदे आणि अजित पवार. ३९ मंत्र्यांनी १५ तारखेला नागपुरात शपथ घेतली: भाजप १९, सेना ११, राष्ट्रवादी ९. त्यात महाडचे भरत गोगावले होते, ज्यांचा शपथविधीसाठी शिवून ठेवलेला कोट दोन वर्षं सगळ्या महाराष्ट्राच्या थट्टेचा विषय होता. खातेवाटप आणखी सहा दिवसांनी. शिंदेंना गृह हवं होतं, मिळालं नगरविकास आणि गृहनिर्माण. अर्थ अजित पवारांकडे गेलं, गृह मुख्यमंत्र्यांकडेच राहिलं.

कोट अंगावर आला तरी गोगावलेंचं समाधान व्हायचं होतं. १८ जानेवारी २०२५ ला पालकमंत्र्यांची यादी निघाली. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो, म्हणजे जिल्ह्यातल्या रस्त्यापासून शाळेच्या खोलीपर्यंतचा निधी त्याच्या नजरेखालून जातो. गोगावलेंना हवं असलेलं रायगड राष्ट्रवादीच्या अदिती तटकरेंना, नाशिक भाजपच्या गिरीश महाजनांना. महामार्गावर टायर जळले. दुसऱ्याच दिवशी, मुख्यमंत्री दावोसच्या वाटेवर असताना, दोन्ही नेमणुकांना स्थगितीचा आदेश निघाला.