गुडघा पूर्ण बदलायचा की अर्धवट?

‘तुमचं पार्शलमध्ये भागेल’ असे सर्जन म्हणाले की घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, बरे झाले, ऑपरेशन लहान आहे. दुसरा म्हणतो, अर्धवट काम कशाला, एकदाच काय ते उरकून घ्या. दोघेही लहान-मोठे एवढेच बघत असतात. प्रश्न मात्र वेगळाच असतो: गुडघा नेमका कुठे झिजला आहे?

गुडघ्याचे ढोबळमानाने तीन कप्पे असतात: आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीच्या मागचा. वयोमानाने होणारी झीज बहुतेकदा आतल्या कप्प्यातून सुरू होते. कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) तेवढ्याच जागी संपली असेल, बाकीचे दोन कप्पे ठीक असतील आणि सांध्याच्या मध्यातला पुढचा लिगामेंट (एसीएल) शाबूत असेल, तर फक्त त्या कप्प्यात धातूचे दोन तुकडे आणि मध्ये प्लास्टिक बसवता येते. ही झाली अर्धवट, म्हणजे पार्शल शस्त्रक्रिया.

पूर्ण बदलातही अख्खा गुडघा काढून टाकत नाहीत, हे सांगून ठेवलेले बरे. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके जेमतेम सेंटिमीटरभर तासतात आणि दाताला कॅप बसवावी तसा त्यांवर धातू बसवतात. वर बहुधा कोबाल्ट-क्रोमचा, खाली टायटॅनियमचा, आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिएथिलीनची चकती. वाटी जागच्या जागी राहते. काही वेळा तिच्या मागे प्लास्टिकचे बटण लावतात. एसीएल मात्र जवळजवळ नेहमीच काढावा लागतो. पार्शलमध्ये तो राहतो, म्हणून तो गुडघा बऱ्याच जणांना अधिक ‘आपला’ वाटतो.

निवड कशी होते? चांगला सर्जन आधी विचारतो, ‘दुखतं कुठे, दाखवा.’ कुणी एक बोट नेमके आतल्या कडेवर ठेवते, कुणी अख्खा पंजा गुडघ्यावर फिरवते. एवढ्याने निदान होत नाही, पण दिशा कळते. मग एक्स-रे, तोही उभे राहून. झोपून काढलेल्या फोटोत हाडांमध्ये फट दिसत राहते. पायावर वजन आले की तीच फट मिटते आणि हाडाला हाड टेकलेले दिसते. झोपून काढलेल्या फोटोवर कुणी ऑपरेशन ठरवत असेल, तर दुसरे मत घ्यावे.

संधिवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइडमध्ये, आजार सगळ्या सांध्यालाच धरतो, तिथे पार्शलचा उपयोग नाही. पाय सरळच होत नसेल, फार वाकडा झाला असेल किंवा एसीएल तुटला असेल, तरीही उत्तर बहुधा पूर्ण बदल हेच. पार्शलसाठी वय 60 च्या पुढे आणि वजन 82 किलोच्या आत हे 1989 सालचे निकष अजून ऐकू येतात, पण आता अनेक सर्जन ते इतके कडक धरत नाहीत.

पार्शलनंतर रक्तस्राव कमी होतो, माणूस लवकर घरी जातो, गुडघा जास्त वाकतो. ब्रिटनमधल्या 528 रुग्णांच्या एका चाचणीत (निष्कर्ष 2019 मध्ये आले) पाच वर्षांनंतर पार्शल आणि पूर्ण बदल या दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखीच निघाली. व्यायाम दोन्हीकडे चुकत नाही. पाय पूर्ण सरळ करण्याचा कंटाळवाणा व्यायाम तर अजिबात टाळू नये.

टिकाऊपणात मात्र पूर्ण बदल पुढे आहे: 25 वर्षांनंतर पूर्ण बदललेले सुमारे 82 टक्के गुडघे टिकलेले (म्हणजे पुन्हा ऑपरेशन करून बदलावे न लागलेले) असतात, तर अर्धवट बदललेले सुमारे 70 टक्के. हे आकडे जरा जपून वाचावेत. पार्शल दुखू लागला तर त्याचा पूर्ण बदल करणे तुलनेने सोपे, म्हणून सर्जन लवकर तयार होतात. पूर्ण बदललेला पुन्हा उघडणे जिकिरीचे, म्हणून रुग्ण दुखणे सोसत राहतो, आणि सोसलेले दुखणे या आकड्यांत येत नाही. पूर्ण बदलानंतर साधारण पाचातला एक जण फारसा समाधानी नसतो, हेही ऑपरेशनआधीच कळलेले बरे.

वजन, व्यायाम आणि औषधे यांवर दुखणे आटोक्यात असेल, तर एक्स-रे कितीही वाईट दिसो, दोन्हींची घाई नको. ऑपरेशन ठरलेच, तर सर्जनना सरळ विचारा, ‘तुम्ही वर्षाला पार्शल किती करता?’ हातावर सवय नसेल तर हे ऑपरेशन बिघडण्याची शक्यता वाढते. आणि जे ते करतच नाहीत, त्यांच्याकडून सल्ला पूर्ण बदलाचाच मिळणार.